मुंबई ते लंडन : एका हवाई मार्गाचा इतिहास

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यामधले जवळात जवळचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर गोलावर मोजलेले असते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ सरळ दिसते, पण लांब पडते. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा बसतो, आणि तोच खरा जवळचा मार्ग असतो. मुंबईहून निघालेला हा दोरा सौराष्ट्रावरून जवळजवळ कराची शहराच्या डोक्यावर जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा नैऋत्य कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसाचा परिसर, पोलंड, जर्मनी आणि बेल्जियम ओलांडून तो लंडनला टेकतो. या रेषेवरून एखादे प्रवासी विमान टोकापासून टोकापर्यंत गेल्याचे दिवस फार थोडे. कधी इंधन पुरले नाही, कधी ऋतू आडवा आला, आणि बहुतेक वेळा खालच्या एखाद्या देशाने वाट दिली नाही. या मार्गाचा वेळ दोनशे वर्षांत कित्येक महिन्यांवरून दहा तासांवर आला. त्यात वेगाचा वाटा आहेच, पण कुठे थांबावे लागते आणि कोणाच्या हद्दीतून जाता येते या दोन प्रश्नांचा वाटा त्याहून कमी नाही.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालावा लागे. हा सागरी मार्ग जवळजवळ १९,८०० किलोमीटरचा होता. वारा साथीला असला तर चार महिने लागत, नसला तर सहा. मुंबई सरकारला लंडनहून एखाद्या पत्राचे उत्तर मिळेपर्यंत वर्ष उलटून जाई. यावर उपाय म्हणून मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट बांधली गेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या पोटात मावणारा कोळसा एडनपर्यंत पुरणारा नव्हता. म्हणून डेकवर, प्रवाशांच्या दालनात, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला होता, आणि त्या ओझ्याने बोट पाण्यात खोल बसली होती. एडन गाठले तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. सुएझला पोचायला ३३ दिवस लागले. त्यांतले सुमारे एकवीस दिवस बोट चालली. बाकीचे कोळसा भरण्यात गेले. तो कोळसाही विलायतेहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेला. वेगवान मार्गाचे इंधन जुन्या संथ मार्गाने येत होते. शिवाय नैऋत्य मोसमी वाऱ्याला तोंड देऊन अरबी समुद्र ओलांडण्याची या बोटीची ताकद नव्हती, त्यामुळे पावसाळ्यात हा रस्ता बंदच राही.

जानेवारी १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले. त्यामागच्या कारणांत कोळशाचे ठाणे हे मोठे कारण होते. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडेच होता, ही गोष्ट या मार्गाच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही. सुएझ ते अलेक्झांड्रिया हा टप्पा सुरुवातीला उंट, घोडागाड्या आणि नाईलमधल्या होड्या यांवर चालला. टॉमस वॅगहॉर्न या माजी नौदल अधिकाऱ्याने त्याला शिस्त लावली. १८५८ पर्यंत तिथे रेल्वे झाली आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा उघडला. समुद्रमार्ग ११,६०० किलोमीटरच्या आसपास आला. घाईचे टपाल पुढे इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरात उतरवून रेल्वेने लंडनला नेण्याची पद्धत पडली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रवासाचे दोन हिशेब होते. पूर्ण समुद्रमार्गाने तीन आठवडे, आणि मार्सेलला उतरून फ्रान्समधून रेल्वे पकडली तर दोन आठवडे. मराठी वाचकाला पहिला हिशेब ‘मोरिया’ बोटीवरून सांगता येतो. १ जुलै १९१० रोजी लंडनहून सावरकरांना घेऊन निघालेला हा प्रवास त्यांनी मार्सेलला समुद्रात मारलेल्या उडीचा प्रसिद्ध प्रसंग धरून २२ जुलैला मुंबईत संपला. दुसऱ्या हिशेबासाठी गोलमेज परिषदेचे वर्ष घ्यावे. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलला उतरले आणि दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये होते. डॉ. आंबेडकर त्याच परिषदेसाठी दोन आठवडे आधी ‘मुलतान’ बोटीने गेले होते. त्या वेळी कराची–लंडन विमानसेवा सुरू होऊन दोन वर्षे झाली होती आणि तिला सात दिवस लागत. पण जागा मोजक्या आणि एकेरी भाडे १३० पौंड, त्यामुळे हिंदुस्थानचे पुढारी बोटीनेच जात राहिले.

विमानाने इंग्लंडहून हिंदुस्थान पहिल्यांदा गाठला तो १९१८–१९ च्या हिवाळ्यात. हँडली पेज कंपनीचे एक प्रचंड बॉम्बफेकी विमान डिसेंबरच्या मध्याला निघून जानेवारीच्या मध्याला कराचीत पोचले. एक महिना लागला. चांगली आगबोट त्याहून लवकर आली असती. मधल्या वाळवंटाचा प्रश्न ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये सोडवला. कैरो–बगदाद टपाल नेणाऱ्या वैमानिकांना वाट दिसावी म्हणून जॉर्डन आणि इराकच्या वाळवंटात नांगर लावून शेकडो मैल चर ओढला गेला. वैमानिक खाली पाहत त्या रेघेवरून उडत. वाटेत रुतबा येथे विहिरींजवळ तटबंदीचे विश्रामगृह उभे राहिले, कारण रात्री उडण्याची सोय नव्हती आणि प्रवाशांना कुठेतरी झोपवणे भाग होते.

इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी क्रॉयडन विमानतळावरून सुरू झाली. ती दोन वर्षे आधीच सुरू व्हायची. पण इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाऊ द्यायला नकार दिला आणि विमाने बसऱ्यापाशी अडून राहिली. पहिल्या मार्गाकडे पाहिले तर त्याला हवाई प्रवास म्हणावे की नाही असा प्रश्न पडतो. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधले बाझेल. तिथून रात्रभर रेल्वेने आल्प्स ओलांडून जिनोआ. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र पार करून अलेक्झांड्रिया. आणि मग तीन इंजिनांच्या ‘हर्क्युलिस’ विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर करत कराची. मधल्या रेल्वेचे कारण आल्प्सची उंची आणि इटलीशी न जमलेला करार. पुढे काही वर्षे पॅरिसहून ब्रिंडिसीपर्यंत प्रवाशांना रेल्वेनेच नेले जाई. जुन्या बोटीच्या टपालाचे बंदर अशा रीतीने विमानाचेही बंदर झाले.

या सेवेचे शेवटचे ठाणे कराची का, मुंबई का नाही, याचे पहिले उत्तर भूगोलात आहे. पश्चिमेकडून येणाऱ्याला कराची आधी लागते, आणि तिथून दिल्ली–कलकत्त्याकडे वळणे सोयीचे पडते. शिवाय तेव्हाचे कराची मुंबई इलाख्यातच होते. सिंध १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा झाला. कराचीचे महत्त्व एवढे की तिथे वायूने तरंगणाऱ्या महाकाय हवाई नौकांसाठी तितकेच महाकाय आगार बांधून ठेवले होते. ते रिकामेच राहिले. ‘आर १०१’ ही हवाई नौका कराचीकडे निघाली असताना ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाली, त्यात ४८ जण गेले आणि ब्रिटनने हवाई नौकांचा नाद सोडला.

त्याच सुमारास आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थानमधले अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. दोघे इजिप्तमध्ये अबुकीरच्या धावपट्टीवर भेटले. इंजिनीअर स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, आणि तो थोड्या फरकाने जिंकला. पुढे तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

मुंबई या मार्गाला जोडली गेली १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. इम्पीरियलने कराचीत उतरवलेले टपाल घेऊन जे. आर. डी. ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या विमानातून द्रिघ रोड विमानतळावरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिंटसेंट यांनी नेला. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. जुहूचे मैदान समुद्राला लागून. पावसाळ्यात ते चिखलपाण्याखाली जाई. तेव्हा टाटांची विमाने चार महिने पुण्याला येरवड्याला उतरत. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीला अडवणारा पाऊस आता धावपट्टी अडवत होता. याच महिन्यात इम्पीरियलने इराणचा किनारा कायमचा सोडून आखाताच्या अरबी बाजूने जायला सुरुवात केली, कारण इराणची परवानगी संपत आली होती. शारजा हे त्या नव्या वाटेवरचे रात्रीच्या मुक्कामाचे ठाणे. तिथल्या शेखांशी करार करून किल्लेवजा विश्रामगृह बांधले गेले. आखातातली आजची विमानतळांची गर्दी पाहताना तिची सुरुवात इराणच्या एका नकारात आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने लांब पल्ल्याची चार इंजिनी विमाने, रात्री उडण्याची यंत्रणा आणि पक्क्या धावपट्ट्या दिल्या.  टाटा एअरलाइन्सचे जुलै १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ असे नामांतर झाले, आणि ८ मार्च १९४८ रोजी परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी सरकारच्या भागीदारीत उभी राहिली. तिचे पहिले विमान, लॉकहीड कॉन्स्टेलेशन बनावटीचे ‘मलबार प्रिन्सेस’, मंगळवार ८ जून १९४८ च्या रात्री कॅप्टन के. आर. गझदर यांच्या हाताखाली मुंबईहून निघाले. मार्ग मुंबई–कैरो–जिनिव्हा–लंडन, प्रवासी ३५, एकेरी भाडे १,७२० रुपये. प्रवाशांत लंडन ऑलिंपिकला जाणारे भारतीय सायकलपटूही होते. १० जूनच्या सकाळी विमान लंडनला पोचले होते.

या उड्डाणाचे तीन टप्पे मोजून पाहण्यासारखे आहेत. मुंबई–कैरो सुमारे ४,३४० किलोमीटर, कैरो–जिनिव्हा २,८२०, जिनिव्हा–लंडन ७५०. बेरीज ७,९१० किलोमीटर. म्हणजे १९४८ सालीच मुंबई–लंडन विमान सर्वांत जवळच्या मार्गापेक्षा फक्त सातशे किलोमीटर जास्त उडत होते, दहा टक्के. अंतरात आता कमी करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. यानंतर जो वेळ वाचला तो विमानाच्या वेगातून आणि थांबे गळण्यातून. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाई, आणि जेट विमानांच्या मानाने खालून उडत असल्याने वादळी ढग टाळणे तिला अवघड पडे. कराची या मार्गातून गळाले त्यामागे फाळणी होती तशीच विमानाची वाढलेली झेपही होती. कैरोपर्यंत एका दमात जाणाऱ्याला कराचीला उतरण्याची गरज नव्हती.

जिनिव्हाच्या थांब्याची किंमत दोनदा मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीतले ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातले सर्व ४८ जण मरण पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ त्याच डोंगरावर, त्याच जिनिव्हाकडे उतरताना कोसळले. त्या ११७ मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. हिमनदी सरकते तशी दोन्ही विमानांचे तुकडे, पत्रे आणि वर्तमानपत्रे आजही अधूनमधून बर्फातून वर येतात.

एअर इंडियाकडे पहिले बोइंग ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये आले. हे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून ताशी नऊशेच्या आसपास उडे. जून १९६२ मध्ये एअर इंडिया सगळी विमाने जेट असलेली जगातली पहिली कंपनी ठरली. बोटींचा धंदा यापुढे दहा वर्षेही टिकला नाही. मुंबई–लिव्हरपूल अशी नियमित ये-जा करणाऱ्या अँकर लाइनने १९६६ मध्ये आपली प्रवासी सेवा थांबवली. १९६७ च्या अरब–इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो थेट १९७५ पर्यंत, आणि जहाजांना पुन्हा आफ्रिकेचा वळसा पडला. १९७१ मध्ये एअर इंडियाचे जम्बो, ‘एम्परर अशोक’, मुंबई–लंडन मार्गावर आले. तीनशेहून अधिक प्रवासी एकदम जाऊ लागले, भाडे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या दिशेने सरकले. विमानाने मध्ये कुठे थांबायचे ते आता इंधनापेक्षा वाटेतल्या प्रवाशांवर ठरू लागले. आवाजापेक्षा वेगाने जाणारे कॉन्कॉर्ड २१ जानेवारी १९७६ पासून लंडन–बहारीन उडू लागले, पण जमिनीवरून जाताना होणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळे त्याला पूर्वेकडे वाट सहज मिळेना. मुंबईला त्याची नियमित सेवा कधी झाली नाही. एअर इंडियाकडे १९९३ मध्ये आलेल्या बोइंग ७४७–४०० सारख्या विमानांची झेप तेरा हजार किलोमीटरची, म्हणजे या अंतराच्या जवळजवळ दुप्पट होती. विनाथांबा मुंबई–लंडन ही नित्याची गोष्ट झाली.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ मात्र सारखा नसतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, आणि हिवाळ्यात इराण ते उत्तर भारत या पट्ट्यात ते विशेष जोरात असतात. मुंबईहून लंडनला जाताना वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना साडेआठ-नऊ असा हिशेब पडतो. घड्याळ याच्या उलट दाखवते. भारत ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने रात्री दोनला मुंबईहून सुटलेले विमान दहा तास उडूनही हिवाळ्यात लंडनच्या सकाळी साडेसहाला उतरते. परतीत नऊ तासांचे उड्डाण घड्याळात साडेचौदा तास खाते. बोटीवर रोज थोडे थोडे घड्याळ पुढेमागे केले जाई, त्यामुळे शरीराला फरक कळत नसे. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईने आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती.

इंधनाचा प्रश्न सुटल्यावर परवानगीचा प्रश्न उघडा पडला. जवळच्या रेषेचा अझरबैजान–जॉर्जिया–क्रिमिया–ओडेसा हा टप्पा १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात होता, त्यामुळे विमाने तुर्कस्तान आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने जात. १९८० मध्ये इराण–इराक युद्ध पेटल्यावर त्या दोन देशांवरून जाणेही बेभरवशाचे झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर काही वर्षे काळ्या समुद्राची वाट मोकळी मिळाली. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियन विमान पाडले गेल्यावर कंपन्या त्या भागाला वळसा घालू लागल्या, आणि २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले.

दुसरे टोक पाकिस्तानचे. बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून सुमारे साडेचार महिने पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद झाली आणि बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. दिल्लीच्या विमानांना याचा मोठा फटका बसला. मुंबईचा त्या मानाने कमी, कारण मुंबईहून अरबी समुद्रावरून थेट ओमानकडे निघता येते. ही बंदी फक्त भारतीय विमानांना होती. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमध्ये त्याच दिवशी ब्रिटिश कंपनीच्या विमानाला जी वाट खुली होती ती एअर इंडियाच्या विमानाला नव्हती. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केल्यावर इराणचेही आकाश बंद झाले आणि युरोपकडे निघालेली एअर इंडियाची काही विमाने अर्ध्या वाटेतून परत फिरली, काही भलत्याच विमानतळांवर उतरवावी लागली. अशा काळात उरते ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त आणि भूमध्य समुद्र अशी दक्षिणेकडची वाट. ‘मलबार प्रिन्सेस’ कैरोमार्गे गेले होते ते साधारण याच अंगाने. या वाटेने जाताना इंधन जास्त भरावे लागते आणि त्या वजनाइतका माल खाली ठेवावा लागतो. वेळापत्रकातही दहा तासांच्या वर काही मिनिटे राखून ठेवलेली असतात.